जालिंदर गुळव्याचा व्हिसा

एका गावात एक भोळा गुळव्या होता. त्याचं नाव जालिंदर. उसाचा रस काहिलीत आटवून त्याचा गूळ करायचा, हे त्याचं काम. काहील म्हणजे रस आटवायची भलीमोठी कढई. तिच्यापाशी उभा असला की जालिंदरइतका शहाणा माणूस पंचक्रोशीत नव्हता. उकळत्या रसाचा थेंब पाण्यात टाकायचा, बोटानं दाबायचा आणि म्हणायचा, "उतरवा." त्याचं कधी चुकलं नाही.

काहिलीपासून चार पावलं लांब गेला, की संपलं.

लहानपणी त्याची थोरली बहीण सुलाक्का त्याला म्हणाली होती, "शाळा सुटली की सरळ घरी ये." शाळा आणि घर यांच्यामध्ये पाटलांचं घर होतं. जालिंदर सरळ आला. पाटलांच्या पुढच्या दारानं शिरला, जेवणाऱ्यांच्या पंगतीतून वाट काढली आणि मागच्या दारानं निघाला.

"काय रं, काय पाहिजे?" पाटलीणबाईंनी विचारलं.

"काही नको," जालिंदर म्हणाला. "सरळ चाललोय."

तर अशा जालिंदरचं लग्न ठरलं. तेही मारिसोलशी.

मारिसोल कोलंबियाची. तिच्या देशातही उसाचा गूळ करतात. तिच्या वडिलांचं डोंगरात गुऱ्हाळ होतं. आपल्याकडचा गूळ कसा करतात हे शिकायला ती जिल्ह्याच्या शेतकी कॉलेजात आली, दोन वर्षांत मराठी शिकली, आणि एक दिवस वही घेऊन जालिंदरच्या गुऱ्हाळावर येऊन उभी राहिली.

"गूळ पिवळा दिसायला काय पावडर घालता?" तिनं विचारलं. बाकीच्या गुऱ्हाळांवर या प्रश्नाला लोक आभाळाकडे बघायचे.

"आम्ही घालत नाही. म्हणून आमचा गूळ काळा," जालिंदर म्हणाला. "पिवळा पाहिजे असेल तर शेजारी जा. तिथं पोतंभर आहे पावडर."

मारिसोलनं वही मिटली. या माणसाला खोटं बोलता येत नाही, असं तिनं त्याच दिवशी घरी कळवलं. सहा महिन्यांनी लग्नाचं कळवलं.

फक्त एक अडचण होती. मारिसोलचा व्हिसा होता शिकण्याचा, आणि तो येत्या तीस तारखेला संपत होता. तीस तारखेच्या आत बायको म्हणून राहायची परवानगी मिळाली तर ठीक. नाहीतर लग्न झालेलं असो नाहीतर नसो, तिला विमानात बसावं लागणार होतं.

सुलाक्का अंगणवाडी चालवायची. सरकारी कागद भरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं भावाला समोर बसवलं.

"जालिंदर, चुकायचं नाही. जे जे साहेब लोक सांगतील, त्याची खूणगाठ बांध."

"बांधतो," जालिंदर म्हणाला. त्याच्या खांद्यावर टॉवेल होता. तो त्यानं नीट झटकून घेतला.

पहिल्यांदा लग्न नोंदवायला फोटो लागले. जालिंदर फेटा बांधून, दात दाखवून, मागे दोन बैल घेऊन फोटो काढून आला. खिडकीतल्या कारकुनानं फोटो परत सरकवला.

"असा नाही चालत. फोटोत हसायचं नाही. दोन्ही कान दिसले पाहिजेत. आणि मागे नुसतं पांढरं."

जालिंदरनं टॉवेलला गाठ मारली.

मग लग्न झालं. सकाळी नोंदणी झाली, दुपारी दारात मांडव. फोटोवाला आला, कॅमेरा वर केला, आणि जालिंदर ओरडला, "थांबा!"

आतून त्यानं पांढरी चादर आणली. त्याचे दोन मामा होते, जोतीमामा आणि केरबामामा. दोघे जुळे. इतके सारखे, की मामींनीसुद्धा एकाच्या गळ्यात तुळशीची माळ घालून ठेवली होती. त्या दोघांना त्यानं चादरीची दोन टोकं धरून मागे उभं केलं. मुंडावळ्या कानांमागे खोचल्या. आक्काच्या डोक्यावरचा पदर मागे सारला. "कान, आक्का, कान!" आणि वऱ्हाडाला सांगितलं, "कुणीही हसायचं नाही. हसलात तर हिचा व्हिसा जाईल."

वऱ्हाड घाबरलं. लोकांनी तोंडं पाडून अक्षता टाकल्या. हार घालताना मारिसोलला हसू आवरेना. तिनं ओठ दाबून धरले, तशी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. फोटोवाल्यानं तेही टिपलं.

नऊ तारखेला ते फोटो घेऊन जालिंदर जिल्ह्याच्या ठिकाणी परवानगीच्या कार्यालयात गेला. तिथं मोहोळकर मॅडम होत्या. मॅडमनी अल्बम उघडला. एक पान उलटलं. दुसरं उलटलं. चष्मा पुसला.

"ही नवरी रडतेय."

"व्हय."

"नवरा असा का उभा आहे? मागे पांढरी चादर कसली? अहो, हे लग्न आहे की मयत?"

"लग्न आहे, मॅडम. मयताला आम्ही फोटोवाला बोलवत नाही."

"हे लग्न हिच्या मर्जीनं झालं, असं कोण म्हणेल? माणसाच्या चेहऱ्यावर आनंद दिसायला पाहिजे, आनंद!" मॅडमनी कागदांचा गठ्ठा चाळला. "आणि या नुसत्या झेरॉक्स आणल्यात. नुसत्या चालत नाहीत. मूळ आणि झेरॉक्स, दोन्ही लागतं. कायम. पुढच्या वेळी लग्नाला हजर असलेला एक साक्षीदारही घेऊन या."

जालिंदरनं गाठ मारली. मग थोडा विचार करून आणखी एक मारली.

सोळा तारखेला तो साक्षीदार घेऊन गेला. जोतीमामांना खुर्चीवर बसवलं. केरबामामांना शेजारी उभं केलं.

"मी एकच साक्षीदार मागितला होता," मॅडम म्हणाल्या.

"एकच आहे. हे मूळ." जालिंदरनं जोतीमामांकडे बोट दाखवलं. मग केरबामामांकडे. "ही झेरॉक्स."

मॅडमनी दोघांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मी मूळ," केरबामामा चिडून म्हणाले. "मी दहा मिनिटं आधीचा."

"मामा, तुम्ही गप ऱ्हावा. झेरॉक्स बोलत नाही."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अहो जालिंदरराव, हा खेळ आहे का? आज सोळा तारीख. तीसच्या आत हे पुरं झालं नाही, तर तुमच्या बायकोला हा देश सोडून जावं लागेल. कळतंय का तुम्हाला?"

जालिंदरला चांगलंच कळलं. पण त्याचा हात टॉवेलकडे गेला, बोटं दुसऱ्या गाठीवर थांबली. चेहऱ्यावर आनंद दिसायला पाहिजे. त्यानं तोंड उघडलं आणि सगळे दात दाखवले. मामांना कोपरानं ढोसलं. त्यांनीही दाखवले, जेवढे उरले होते तेवढे.

मॅडमनी पेन उचललं आणि लिहिलं: पत्नीस देश सोडावा लागेल हे समजताच पतीस व त्याच्या नातेवाइकांस अत्यानंद झाला. घरी जाऊन चौकशी करावी.

घरी सुलाक्कानं डोक्याला हात लावला. "अरं, दात काय काढलेस? हवालदार येईल आता चौकशीला. त्याच्यापुढं तोंड चालवायचं नाही. विचारलं तेवढंच बोलायचं. एक शब्द जास्त नाही. बांध गाठ!"

जालिंदरनं बांधली.

बावीस तारखेला हवालदार आले. मोठी मिशी, काखेत जाडजूड वही. घराच्या मागे वीस पावलांवर गुऱ्हाळ. तिथं मारिसोल आणि जोतीमामा काहील ढवळत होते. रसाचा वास पुढच्या अंगणापर्यंत येत होता. जालिंदर ओट्यावर बसला होता.

"बायको घरात आहे?" हवालदारांनी विचारलं.

"नाही."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

हवालदारांनी लिहून घेतलं. "एकटीच गेली?"

"नाही."

"मग कुणाबरोबर गेली?"

"जोतीमामाबरोबर."

हवालदारांचं पेन थांबलं. आवाज जरा खाली आला. "या मामाचं वय काय?"

"एकाहत्तर."

"अरे देवा! जाताना काही म्हणाली?"

"म्हणाली, इथं नुसतं बसून राहण्यापेक्षा मामा बरा."

ती खरंच तसं म्हणाली होती. जालिंदर ओट्यावर बसून हवालदाराची वाट बघत होता आणि काहील ढवळायला माणूस नव्हता, तेव्हा. पण तेवढं काही कुणी विचारलं नाही.

"आणि तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतं."

"काय वाटतं?"

"मामांचा हात दुखत असेल."

हवालदारांनी सगळं लिहिलं, खाली रेघ ओढली आणि वही मिटली. तेवढ्यात मागच्या दारानं मारिसोल आली. हातात वाटी, वाटीत गरम काकवी.

"घ्या, हवालदारदादा. आत्ताच उतरवली. तोंड भाजंल, फुंकून घ्या."

"या कोण?"

"बायको," जालिंदर म्हणाला.

"अहो, मग मघाशी सांगायचं नाही का, की मागे आहे म्हणून?"

"विचारलं नाही तुम्ही."

हवालदारांनी काकवी संपवली, वाटी चाटून पुसून ठेवली आणि उठले. "ताई, मला वाईट वाटतं. पण पेनानं लिहिलंय. मी एकदा लिहिलेलं खोडत नाही. तेवीस वर्षांच्या नोकरीत एक खाडाखोड नाही माझी."

आणि वही मॅडमच्या टेबलावर गेली.

दोन दिवसांनी पत्र आलं. एकोणतीस तारखेला नवराबायकोनं हजर राहावं. दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले जातील. उत्तरं जुळली नाहीत तर अर्ज नामंजूर.

त्या दिवशी मारिसोल काहिलीच्या कडेला बसून नुसता फेस काढत राहिली. "अहो जालिंदर," ती म्हणाली. अहो म्हणायचं असतं हे आक्कानं तिला शिकवलं होतं, पुढचं तिचं तिनं जोडलं होतं. "अहो जालिंदर, मला पाठवतील का रे?"

"मी चुकणार नाही," जालिंदर म्हणाला. आणि हे तो अगदी मनापासून म्हणाला, म्हणूनच आक्काला धडकी भरली.

"नीट ऐक," आक्का म्हणाली. "दोघांची उत्तरं सारखी आली पाहिजेत. शब्दाला शब्द. ती काय सांगणार आहे ते तिला विचार आणि पाठ कर. तेच सांग. आपल्या मनाचं काही घालू नकोस."

टॉवेलला आता जागा कमी होती. तरी जालिंदरनं एक गाठ बसवली.

पाच दिवस तो पाठ करत होता. ऊस तोडताना, दात घासताना, बैलांना पाणी दाखवताना. मारिसोल एकेक सांगायची, तो घोकायचा. आपला नवरा आपली एवढी माहिती पाठ करतोय, हे बघून तिला भरून यायचं.

एकोणतीस उजाडली. मॅडमनी आधी जालिंदरला आत घेतलं. समोर हवालदारांची वही उघडी होती.

"नाव?"

"मारिसोल रेस्त्रेपो," जालिंदर म्हणाला.

"तुमचं नाव विचारलं."

"मारिसोल रेस्त्रेपो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा उचललं. "जन्म?"

"कोलंबियात. डोंगरातल्या गावात. आई म्हणते, मी जन्मले तेव्हा गुऱ्हाळ चालू होतं."

"शिक्षण?"

"एम. एस्सी."

"इथं लग्न का केलंत?"

"मला खोटं बोलणाऱ्या माणसांचा कंटाळा आला होता," जालिंदर म्हणाला. "आणि याला ते जमतच नाही. मी परत गेले तर हा माणूस मला दुसरीकडे कुठं मिळणार?"

दाराशी उभे असलेले हवालदार मिशी चावायला लागले.

"पतीचं नाव सांगा," मॅडम हळूच म्हणाल्या.

जालिंदर लाजला. टॉवेलाचा पदर त्यानं डोक्यावर घेतला, कारण मारिसोल घेणार होती.

"काहिलीत उकळतो रस, फेस येतो वर,
जालिंदररावांचं नाव घेते, सही करा लवकर."

मग मारिसोलला आत घेतलं. तेच प्रश्न विचारले. तीच उत्तरं आली. शब्दाला शब्द. डोंगर, गुऱ्हाळ, एम. एस्सी., आणि शेवटी पदर घेऊन तोच उखाणा. 'वर' म्हणताना तिची मान जशी वाकडी झाली, तशी जालिंदरचीही झाली होती.

मॅडमनी दोघांना समोर उभं केलं. बाहेर बाकावर बसलेले आक्का आणि मामाही आत आले.

"वीस वर्षं मी या खुर्चीत आहे. उत्तरं इतकी जुळलेली मी बघितली नाहीत." त्यांनी शिक्का उचलला. "आणि एक नक्की. खोटं लग्न करायचं असतं, तर जगातल्या कुठल्याही बाईनं हा नवरा निवडला नसता."

धाप. शिक्का पडला. मारिसोलला परवानगी मिळाली. तिनं मॅडमचे हात धरले, आक्कानं डोळे पुसले, दोन्ही मामा एकाच वेळी शिंकले.

मॅडमही खुलल्या होत्या. कागद देता देता त्या म्हणाल्या, "आता माझ्याकडं दोन मारिसोल झाल्या, जालिंदरराव. एकीला परवानगी दिली. दुसरीनं उद्या तीस तारखेला देश सोडावा!"

सगळे हसले. जालिंदर हसला नाही. त्यानं टॉवेलला शेवटची गाठ मारली.

तीस तारखेला सकाळी मारिसोल चहा घेऊन आली तर जालिंदर नव्हता. उशीवर चिठ्ठी होती. 'मॅडमनी सांगितल्याप्रमाणे जातो. काहील करपू देऊ नको.'

तोवर जालिंदर एस.टी.त बसला होता. मांडीवर पिशवी, पिशवीत आधारकार्ड आणि आधारकार्डाची झेरॉक्स. चेहरा गंभीर. दोन्ही कान उघडे.

"कुठलं देऊ?" कंडक्टरनं विचारलं.

"देशाबाहेर एक."

"ही गाडी नाक्यापर्यंतच जाती."

"त्याच्या पुढं काय आहे?"

"पुढं काय, ओढा. ओढ्यापलीकडं कर्नाटक."

"मग नाक्यापर्यंत द्या. राहिलेलं चालतो."

नाक्यावर उतरून त्यानं ओढा ओलांडला. पलीकडे पाटी होती. तिच्यावरची अक्षरं त्याला वाचता येईनात. जालिंदरची खात्री पटली. तो समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला.

"काय पाव्हणं, चहा टाकू का?" टपरीवाल्यानं विचारलं.

जालिंदरचे डोळे भरून आले. त्यानं घरी फोन लावला. "पोचलो. काळजी करू नका. परदेशातली माणसं फार चांगली आहेत. आमच्यासाठी मराठी शिकलीत. चहा तर अगदी आपल्यासारखा करतात."

टपरीवाल्यानं फोन घेऊन ठिकाण सांगितलं, तशी मारिसोल उठली. गूळ पोचवायला निघालेला छोटा टेम्पो दारातच होता. ती पुढे बसली, आक्का तिच्या शेजारी, मामा मागे गुळाच्या खोक्यांवर. तासाभरात सगळे ओढ्यापलीकडे टपरीसमोर.

"चल घरी," मारिसोल म्हणाली.

"व्हिसा?"

"मिळाला की काल! तुझ्यासमोर मिळाला."

"तो तुझा. मला परत यायला माझा लागंल. नियम म्हणजे नियम."

"अरं मेल्या," आक्का किंचाळली, "मॅडम चेष्टा करत होत्या!"

"चेष्टा आहे असं त्या म्हणाल्या नाहीत."

आक्का रडकुंडीला आली. मामा ओरडून दमले. टपरीवाल्यानं समजावलं, ट्रकवाल्यांनी समजावलं. जालिंदर बाकाला धरून बसला. महिनाभर त्यानं व्हिसा नसलेल्या माणसाचं काय होतं हे ऐकलं होतं, आणि आपल्यामुळे मारिसोलच्या कागदाला धक्का लागू द्यायची त्याची तयारी नव्हती.

मारिसोलला हे कळलं. ती टेम्पोकडे गेली. खोक्यांवर मारायचा रबरी शिक्का आणि शाईची डबी घेऊन आली.

"हात पुढं कर."

जालिंदरनं उजवा हात पुढं केला. धाप.

त्यानं शाईवर फुंकर घातली. मग डावा हात पुढं केला. "झेरॉक्स."

धाप.

जालिंदरनं दोन्ही हातांवरचा मजकूर दोनदा वाचला, मान डोलावली, टपरीवाल्याला परदेशातल्या पाहुणचाराबद्दल हात जोडले आणि टेम्पोत चढला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. शिक्क्यावर काय लिहिलंय, हे त्या गडबडीत कुणी बघितलं नाही.

महिन्याभरानं हवालदार पुन्हा चौकशीला आले. सगळं ठीक आहे, एवढं लिहून घ्यायला. अंगणात चिटपाखरू नव्हतं. ते वासाच्या मागे मागे गुऱ्हाळावर गेले. मारिसोल एकटी काहील ढवळत होती. पदर खोचलेला, कपाळावर घाम.

"ताई, नवरा कुठाय? परत कुठं गेला की काय?"

"नाही, नाही. घरातच आहे."

"मग काहिलीपाशी तुम्ही कशा? काहील तर त्याचीच ना?"

"काहिलीपाशी त्याला यायचं नाही. व्हिसात बसत नाही." मारिसोलनं ढवळणं न थांबवता घराच्या माळ्याकडे बोट दाखवलं.

हवालदार आत गेले, शिडी चढले. माळ्यावर खाटेच्या चारी पायांखाली पाणी भरलेल्या चार वाट्या होत्या. खाटेवर जालिंदर. दोन्ही हात शाई पुसू नये म्हणून वर धरलेले. हातांवर लिहिलं होतं: शुद्ध गूळ. थंड व कोरड्या जागी ठेवावे. मुंग्यांपासून जपावे. सहा महिन्यांच्या आत वापरावे.

हवालदार खाली आले. मग त्यांनी वही काढली आणि लिहिलं: पती जागेवर आहे. थंड व कोरड्या जागी ठेवलेला आहे. मुंग्या नाहीत. मुदत अजून पाच महिने.

आणि हवालदार एकदा लिहिलेलं खोडत नाहीत.